धातूचें मुरणें



लोहार कोयत्याचें तापलेलें पातें पाण्यांत बुडवितो. चर्र असा आवाज होतो आणि पातें तत्क्षणीं कठीण होतें. यालाच आपण ‘पाणी देणें’ म्हणतों. धातूला कठीण करावयाचें तें असेंच, एका क्षणांत, अशी मनुष्याची फार जुनी समजूत. तिला धक्का बसला तो १९०६ सालीं, बर्लिनजवळच्या एका प्रयोगशाळेंत.

तेथें आल्फ्रेड विल्म हे तांबें व मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमवर प्रयोग करीत होते. तापवून पाण्यांत बुडविलेला तुकडा त्यांना मऊच आढळला. परंतु तोच तुकडा कांहीं दिवसांनीं पुन्हां तपासला, तों तो पुष्कळ कठीण झालेला! बरणींत लोणचें मुरावें, तसा हा धातु नुसता ठेवल्यानें मुरला होता. याचें कारण १९१९ सालीं अमेरिकेंतील मेरिका, वॉल्टनबर्ग व स्कॉट यांनीं उलगडून दाखविलें. तप्त धातूंत विरघळलेलीं द्रव्यें एकाएकीं थंड केल्यानें आंत कोंडलीं जातात आणि मागाहून अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें वेगळीं होऊं लागतात. हे कण धातूच्या अंतर्गत थरांना एकमेकांवरून सहजासहजीं घसरूं देत नाहींत.

निकेलला या युक्तीची गरज भासली ती जेट इंजिनामुळें. त्याच्या चक्राचीं पातीं रसरशीत उष्णतेंत, प्रचंड वेगानें फिरतांना ताणलीं जातात. साधें पोलाद तेथें टिकत नाहीं. म्हणून १९४१ च्या सुमारास ब्रिटनमध्यें निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रणांत थोडें टायटॅनियम व ॲल्युमिनियम घालून ‘निमोनिक ८०’ ही मिश्रधातु सिद्ध झाली. ती भट्टींत मुरविली म्हणजे बळकट होई.

पण इंजिन म्हणजे केवळ पातीं नव्हेत. कवचें, नळ्या, कडीं जोडावयाचीं, तर वेल्डिंग आलें. आणि येथेंच पेंच पडला. वितळलेला सांधा थंड होतांना आकसतो व आजूबाजूच्या धातूंत ओढ मागें ठेवतो. पोलादाच्या बाबतींत जोडकाम पुन्हां भट्टींत ठेवलें कीं धातु किंचित् सैल होऊन ही ओढ ओसरते. या मिश्रधातूंत मात्र ज्या तापमानास ओढ ओसरावी, त्याच तापमानास ते कण बाहेर पडूं लागतात. सैल होण्यापूर्वींच धातु ताठर होतो आणि सांध्याच्या कडेला तडा जातो. जोडतांना निर्दोष दिसलेलें काम शेवटच्या संस्कारांत फुटावें, याहून कारागिराला अधिक क्लेशदायक काय असणार? ‘रेने ४१’ ही मिश्रधातु याविषयीं विशेष कुप्रसिद्ध झाली. उपाय होते: काम मऊ स्थितींत असतां जोडावें, आणि नंतर मधल्या धोक्याच्या तापमानांतून तें शक्य तितक्या झपाट्यानें वर न्यावें. परंतु जाड व मोठें काम झपाट्यानें तापत नाहीं.

खरी वाट दाखविली ती अमेरिकेंतील हंटिंग्टन येथें हर्बर्ट आयझेलस्टाइन यांनीं. त्यांनीं टायटॅनियम व ॲल्युमिनियम कमी करून सुमारें ५ टक्के नायोबियम घातलें. त्यामुळें होणारे कण बळ देतात, पण निघण्यास बराच वेळ घेतात; तेवढ्या अवकाशांत सांध्यांतील ओढ ओसरून जाते. या ‘इनकोनेल ७१८’ चें पेटंट १९६२ सालीं मिळालें. तिचा नेहमींचा संस्कार असा: जोडकामानंतर सुमारें ९५५ ते ९८० अंश सेंटिग्रेडला तापवून लौकर थंड करणें, मग ७२० अंशांवर ८ तास, पुढें तासाला सुमारें ५५ अंश या गतीनें ६२० अंशांपर्यंत उतरवून तेथेंच ठेवणें. मुरण्याचे एकूण तास सुमारें १८.

१९८१ ते २०११ या काळांत अंतराळांत जाऊन आलेल्या स्पेस शटलच्या मुख्य इंजिनांत ही मिश्रधातु विपुल वापरली होती. विमानांच्या जेट इंजिनांत ती आजहि आहे. तड्यांना कंटाळून धातूचें मुरणेंच बंद करावें, तर बळ गेलें असतें. आयझेलस्टाइन यांनीं तें बंद केलें नाहीं. त्याला फक्त थोडा उशीर करावयास लाविलें. विमानांत बसलेल्या शेंकडों माणसांचा जीव आज त्या उशिरावरहि अवलंबून असतो.