डोलकाठीचे तणावे

शिडांच्या काळात कोकणच्या बंदरांवर नारळी पौर्णिमेच्या अगोदरचे दिवस मोठ्या लगबगीचे असत. पावसाळ्याच्या तोंडावर वर ओढून झापांनी शाकारलेल्या होड्या उघड्या होत, उतरवून ठेवलेली डोलकाठी पुन्हा उभी राही, आणि मग जाणता तांडेल काठीच्या माथ्यापासून कठड्यापर्यंत उतरलेला एकेक दोर मुठीत धरून त्यावर अंगाचा भार टाकून पाही. बघणाराची दृष्टी शिडावर खिळते. परंतु वारा शिडावर जो जोर करतो तो अखेर काठीवर येतो, आणि एकट्या काठीला तो सोसत नाही. तंबू जसा तणाव्यांवर, तशी डोलकाठी या दोरांवर उभी असते. म्हणून येथे त्यांना तणावे असेच म्हणू.

अरबी समुद्राच्या दोन्ही तीरांवर हे तणावे शतकानुशतके काथ्याचे होते. नारळाची सोडणे मचूळ पाण्यात कित्येक महिने कुजत घालावीत, मग बडवून धागा मोकळा करावा, धाग्यांचा सुंभ वळावा आणि सुंभांना पीळ देऊन जाड दोर करावा, असा तो दीर्घ उद्योग. काथ्या खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, वजनाला हलका असतो, आणि झटका बसताच किंचित लांबून तो स्वतःत जिरवतो. चौदाव्या शतकात मालदीव बेटांत राहून गेलेल्या इब्न बतूताने या दोराची वाखाणणी केली आहे. खिळ्यांनी ठोकलेले जहाज खडकावर आपटले की फुटते आणि काथ्याने शिवलेले जहाज लवून तगते, असे त्याचे निरीक्षण होते. जी लवचिकता तक्तपोशीला तारी, तीच डोलकाठीलाही तारीत असे. मात्र लांबणारा दोर सैलही पडतो, आणि म्हणून काथ्याचा तणावा एकदा बांधून निर्धास्त होण्याची सोय खलाशाला कधीच नव्हती.

आपल्या किनाऱ्यावरील त्रिकोणी शिडांच्या तारवांत तर हे तणावे एका जागी स्थिरच नसत. वाऱ्याची बाजू बदलावयाची झाली की शिडाची लांब तिरकी काठी उभी करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावी लागे, आणि त्याबरोबर तणावेही सोडून वाऱ्याकडल्या नव्या बाजूस बांधावे लागत. या कामात क्षणाची हयगय झाली तर काठी निराधार होई. मराठ्यांच्या आरमारातील गलबते, ज्यांचे वजन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे क्वचितच 70 टनांच्या वर जाई, वल्ही आणि असे मोठे त्रिकोणी शीड यांच्या जोरावर चपळ होती. त्या चपळाईचे श्रेय या अनाम हातांनाही दिले पाहिजे.

आरमाराच्या सामग्रीची राज्यकर्त्यांना किती काळजी होती, याचा दाखला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. 1715 च्या सुमाराच्या या ग्रंथात डोलाच्या काठ्यांसाठी लाकूड कोठून आणावे याची स्पष्ट तजवीज आहे: सागवानादी वृक्ष परवानगीने तोडावेत, कमी पडेल ते परमुलखातून खरेदी करावे, पण रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंब्या-फणसांना जबरीने हात लावू नये. काठीची किंमत एवढी ओळखणाऱ्या राज्यात ती सांभाळणारे दोर दुर्लक्षित राहिले असतील, असे मानवत नाही.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या हाताखाली विलायती धर्तीची जहाजे होऊ लागली तेव्हा तणाव्यांची दुसरी परंपरा येथे आली. 1817 साली या गोदीतून पाण्यात उतरलेले, मलबारी सागाचे ‘ट्रिंकोमाली’ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे जपून ठेवलेले आहे. अशा जहाजांचे तणावे डांबर पाजलेल्या तागजातीय दोरांचे असत, आणि त्यांच्या टोकाशी तीन भोकांच्या लाकडी गुंड्या बसवून त्यांतून ओवलेल्या बारीक दोरीने ताण कमी-अधिक करीत. पुढे 1834 साली जर्मनीतील हार्त्स पर्वतातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट याने तारेचा दोर सिद्ध केला. काही दशकांत तो जहाजांवर चढला आणि लाकडी गुंड्यांची जागा आट्यांच्या टर्नबकलने घेतली.

आजच्या लहान शिडाच्या नौकेवर बहुधा 19 पोलादी तारांचा तणावा असतो: मध्ये एक, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. काथ्या झिजला तर पिंजून, केस सोडून, आपली दुर्दशा सांगतो. पोलाद मात्र झळकत राहते आणि टोकाच्या बुशात आतल्या आत तडकते. म्हणून पारखही सूक्ष्म झाली. तारेवरून सुती फडके हलकेच फिरवावे. ते जेथे अडकेल तेथे एखादी तार तुटलेली आहे असे समजावे, आणि तो तणावा त्याच दिवशी बदलावा. मग पुढच्या-मागच्या तणाव्यांनी काठीचा कल ठरवावा, बाजूच्या वरच्या तणाव्यांना दोहींकडे सारखे आटे द्यावेत, त्यानंतर खालचे आवळावेत, आणि काठीच्या बुंध्याशी डोळा लावून ती वरपर्यंत सरळ आहे की नाही हे पाहावे. शेवटची परीक्षा पाण्यावर: मध्यम वाऱ्यात नौका कलली असता वाऱ्याआडचा तणावा लोंबू लागला, तर ताण कमी आहे. ताण जमला की टर्नबकलच्या खिळी घालण्यास विसरू नये, कारण नौकेच्या हिसक्यांनी आटे आपोआप उलगडतात.

गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून अभिलाष टॉमी यांनी एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि 2013 साली ते मुंबईस परतले, तेही अशाच तारांच्या भरवशावर. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. पण पोलादी तार तुटताना ना धूर निघतो ना पीळ दिसतो. ज्यांच्यापाशी लहानशी का होईना शिडाची नौका आहे, त्यांनी बंदर सोडण्यापूर्वी अर्धा तास आणि एक सुती फडके या तणाव्यांसाठी राखून ठेवावे.