ऑप्शनला टाकलेला निळा

"क्लास म्हणजे ऑब्जेक्टची ब्लूप्रिंट." इंजिनिअरिंगच्या व्हायव्हात हे वाक्य मी ठोकून दिलं. एक्स्टर्नल म्हणाले, "ब्लूप्रिंट निळीच का?" मी गप्प. उत्तर शोधलं ते नोकरी लागल्यावर, एका रात्री डिप्लॉयमेंट संपायची वाट बघत बसलो होतो तेव्हा.

तो निळा म्हणजे प्रशियन ब्लू. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा माणूस कोचिनील किड्यांपासून लाल रंग करत होता. पोटॅश संपला म्हणून त्याने डिप्पेलकडून उसना आणला. त्यात जनावरांच्या रक्तापासून काढलेल्या तेलाची भेसळ होती. लाल व्हायचं ते निळं झालं! डीसबाखने हा बग दुरुस्त न करता विकायला काढला. कृती १७२४ पर्यंत गुपित राहिली. पुढे १८४२ मध्ये जॉन हर्शेलने याच निळ्यावर सायनोटाइप बेतला आणि त्यातून ब्लूप्रिंट आली.

सायनाइड म्हटलं की आपल्याला विष आठवतं. पण रंगाला विषाचं नाव मिळालेलं नाही, विषालाच रंगाचं मिळालंय. ग्रीक भाषेत गडद निळ्याला 'कुआनोस' म्हणतात, सायनाइड त्यावरून आलं.

या रंगाच्या आत लोखंडाच्या अणूंची चौकोनी जाळी असते. दर दोन अणूंमध्ये कार्बन-नायट्रोजनच्या जोडीचा, म्हणजे सायनाइडचा पूल. कार्बनकडच्या लोखंडाचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले, त्यामुळे ते चुंबकीयदृष्ट्या मुकं. नायट्रोजनकडच्याचे पाच इलेक्ट्रॉन एकटे. म्हणजे बोलके अणू एकमेकांपासून सुमारे दहा अँगस्ट्रॉमवर आणि मध्ये एक मुका. निरोप पोचतो, पण फार क्षीण. म्हणून प्रशियन ब्लू चुंबक होतो तो ५.६ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २६७ अंशांच्याही खाली.

पॅरिसच्या मिशेल व्हेर्दाग्वेर यांच्या गटाने हे कोडं सोडवायला घेतलं, आणि मला खरं भारावून टाकलं ते इथे. डीसबाखचा रंग अपघाताने झाला. यांनी आधी विचार केला, की जाळी तीच ठेवून धातू बदलले तर? कार्बनकडच्या मुक्या लोखंडाच्या जागी तीन एकटे इलेक्ट्रॉन असलेलं क्रोमियम घ्यायचं. नायट्रोजनकडे असा धातू, ज्याचे इलेक्ट्रॉन पुलावरून क्रोमियमच्या इलेक्ट्रॉनांशी नीट गाठ घालतील. अशा शेजाऱ्यांचे स्पिन उलटसुलट लागतात. पण दोन्हीकडची बेरीज सारखी नसेल तर बाकी उरते आणि ती बाकी म्हणजेच चुंबकत्व. १९९३ मध्ये क्रोमियम-क्रोमियमने २४० केल्विनपर्यंत मजल मारली. मग नायट्रोजनकडे व्हॅनेडियम घातलं आणि १९९५ मध्ये आकडा आला ३१५ केल्विन. बर्फ नको, द्रवरूप हेलियम नको, टेबलावर ठेवलेला चुंबक.

बारावीत कोऑर्डिनेशन कंपाउंड्सचा धडा मी ऑप्शनला टाकला होता. क्रिस्टल फील्डची ती आकृती म्हणजे नुसते मार्क असं वाटायचं. आता कळतं, की तीच आकृती समोर ठेवून कुणीतरी चुंबक रचला. मी रोज दुसऱ्याचा कोड चिकटवून पगार घेतो, म्हणून हे जरा जास्तच लागलं असेल.

३१५ केल्विन म्हणजे ४२ अंश. आमच्या नागपुरात मे महिन्यात भरदुपारी हा चुंबक सपशेल झोपेल आणि रात्री परत जागा होईल. १९९९ मध्ये इलिनॉयच्या होम्स आणि गिरोलामी यांनी याच कुळातला एक चुंबक ३७६ केल्विनपर्यंत, म्हणजे १०३ अंशांपर्यंत नेला. तो नागपुरातही टिकेल. फक्त हवा लागू द्यायची नाही.