तेरा वॉल्ट्झ आणि एक तोतया तबकडी

१६ सप्टेंबर १९५०. पूर्व फ्रान्समधील बेझांसाँ शहर. संगीत महोत्सवातील त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत बाख, मोझार्ट, शूबर्ट आणि शेवटी शोपँचे चौदा वॉल्ट्झ छापलेले होते. वादक अवघा ३३ वर्षांचा होता आणि डॉक्टरांचा विरोध डावलून व्यासपीठावर आला होता. चौदांपैकी तेराच वॉल्ट्झ वाजले.

या वादकाचे नाव दिनू लिपाट्टी. जन्म १९१७, बुखारेस्ट. वडील व्हायोलिनवादक, आई पियानोवादक, आणि धर्मपिता साक्षात जॉर्ज एनेस्कू, म्हणजे रुमानियाचा सर्वश्रेष्ठ संगीतकार. १९३३ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत लिपाट्टीला दुसरे पारितोषिक मिळाले, तेव्हा निर्णय अन्यायाचा ठरवून आल्फ्रेड कॉर्तो यांनी परीक्षकपदाचा राजीनामा दिला आणि या मुलाला पॅरिसला बोलावून घेतले. तिथे कॉर्तोंकडे पियानो, पॉल द्यूका आणि नादिया बूलांजे यांच्याकडे रचनाशास्त्र असे त्याचे शिक्षण झाले. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, तो रुमानिया सोडून जिनिव्हाला आला. आजाराची चिन्हे तिथेच दिसू लागली. पुढे निदान झाले: हॉजकिनचा आजार, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग.

त्याच्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास या आजारपणाच्या फटींतून घडला आहे. १९४६ मध्ये इंग्लंडच्या कोलंबिया कंपनीचे निर्माते वॉल्टर लेग यांनी त्याच्याशी करार केला. मग जमेल तेव्हा, जमेल तेवढे. स्कार्लाटीचे दोन सोनाटा, शोपँचा बी मायनर सोनाटा, १९४७ मध्ये ग्रीगचा कॉन्चेर्टो, १९४८ मध्ये कारायानच्या दिग्दर्शनाखाली शूमानचा. माध्यम होते मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला जेमतेम चार-पाच मिनिटे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकलेल्यांना ही कोंडी ठाऊक आहे. इथे फरक एवढाच, की लिखित रचना आटोपशीर करता येत नाही, तिचे तुकडे पाडावे लागतात.

१९५० च्या उन्हाळ्यात एक नवे औषध त्याच्या वाट्याला आले. कॉर्टिसोन १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवातावर प्रथम वापरले गेले होते. त्या संशोधनाला १९५० चेच नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तीन मानकऱ्यांपैकी रायखश्टाइन हे स्वित्झर्लंडमधल्याच बाझेलचे. औषध दुर्मीळ होते, महाग होते, आणि या आजारावर तो इलाज नव्हताच. पण ताप उतरला, सूज ओसरली, बोटांत बळ आले. ही उसंत टिकणारी नाही हे ओळखून लेग आपला चमू आणि यंत्रसामग्री घेऊन जिनिव्हात दाखल झाले.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जिनिव्हा रेडिओच्या स्टुडिओत जे मुद्रित झाले, त्यावर लिपाट्टीची कीर्ती मुख्यतः उभी आहे: बाखची पहिली पार्तिता, बाखच्याच काही भक्तिरचनांची पियानोरूपे, मोझार्टचा ए मायनर सोनाटा आणि शोपँचे चौदा वॉल्ट्झ. बरोक काळातील पार्तिता ही नृत्यांची माळ, आणि वॉल्ट्झ हेही नृत्यच; दोहोंमध्ये शतकाहून अधिक अंतर. बाख कोरडा आणि शोपँ ओलाचिंब, असा तेव्हाच्या अनेक वादकांचा खाक्या. लिपाट्टीच्या हातात दोघे एकाच घरातले वाटतात. बाखमधला प्रत्येक स्वरप्रवाह वेगळा ऐकू येतो आणि तरी गातो. शोपँमध्ये लय लवचीक होते, पण पाय कधी सुटत नाही. वॉल्ट्झांचा क्रमही त्याने छापील ठेवला नाही, स्वतः लावला.

बेझांसाँचा कार्यक्रम या मुद्रणानंतर दोन महिन्यांनी झाला. तोवर औषधाचा प्रभाव ओसरला होता. फ्रेंच रेडिओने तो मुद्रित केला, म्हणून बाखच्या आधी लिपाट्टीने पियानोवर सहज छेडलेली सुरावट आजही ऐकता येते. तंबोरा जुळवून गवयाने पहिला षड्ज लावावा, तसे ते आहे. जुन्या पिढीच्या वादकांची ही रीत पुढे लोप पावली. तेरा वॉल्ट्झांनंतर बळ संपले; ए फ्लॅट मेजरमधील, शोपँच्या ३४ व्या कृतिक्रमांकाखालचा पहिला वॉल्ट्झ राहून गेला. त्याऐवजी त्याने बाखची एक प्रार्थनारचना वाजवली, ती मायरा हेस यांच्या प्रसिद्ध पियानोरूपात. रेडिओच्या मुद्रणात मात्र ती नाही. ऐकणाऱ्यांनी सांगितले, एवढाच तिचा पुरावा. २ डिसेंबर १९५० रोजी लिपाट्टीचे निधन झाले.

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, आणि त्याला मानणारेही मिळाले. कारण भाऊसाहेब परत यावेत अशीच सर्वांची इच्छा होती. लिपाट्टीच्या बाबतीत तोतया निघाली ती एक तबकडी. त्याच्या मुद्रणांचा साठा इतका तोकडा, की नव्या मिनिटासाठी रसिक आसुसलेले. १९६० च्या दशकात शोपँचा ई मायनर कॉन्चेर्टो त्याच्या नावाने बाजारात आला. वेष्टनावर वाद्यवृंदाचे नाव नव्हते, दिग्दर्शकाचेही नव्हते. कोणत्याही दस्तऐवजाबाबत इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथेच थबकले असते. समीक्षकांनी मात्र त्यात लिपाट्टीचा खास स्पर्श ओळखला, आणि त्यात लबाडी काहीच नव्हती. वादन खरोखरच सुंदर होते.

१९८१ मध्ये बीबीसीवरून ही तबकडी वाजली, तेव्हा एका श्रोत्याला ती आपण आधी ऐकली आहे असे वाटले. दोन मुद्रणे शेजारी ठेवून पडताळली गेली. वादन निघाले पोलंडच्या हालिना चेर्नी-स्तेफान्स्का यांचे, १९५० च्या दशकात चेक फिलहार्मोनिकसह सुप्राफोन कंपनीसाठी केलेले. या बाई काही अनोळखी नव्हत्या. वॉर्साच्या १९४९ च्या शोपँ स्पर्धेत त्यांनी पहिले पारितोषिक विभागून जिंकले होते. त्यांचे वादन पंधरा-एक वर्षे दुसऱ्याच्या नावावर गौरवले गेले, ही या प्रकरणातली सर्वांत बोचरी बाब. चर्चा मात्र बहुतेक वेळा फसलेल्या तज्ज्ञांचीच होते.

या गदारोळानंतर लिपाट्टीचे अस्सल मुद्रणही पुढे आले. त्याचा आवाज खरखरीत आहे, तोतया तबकडीइतका नितळ नाही. पण वाद्यवृंद ठाऊक आहे, झुरिचचा टोनहाले. दिग्दर्शक ठाऊक आहे, ओटो अकरमान. आणि तारीखही ठाऊक आहे, ७ फेब्रुवारी १९५०.