मिलिटरी रंगाची गोधडी



वैतरणा स्टेशनजवळ राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्या मावशींनी मागच्या आठवड्यात मला थांबवून विचारलं, "बाई, ते मिलिटरीचं कापड असतं ना, हिरव्या-तपकिरी डागांचं, त्याची गोधडी कुठं मिळेल? का घरीच शिवावी लागेल? आणि शिवली तर पोलीस काही बोलणार नाहीत ना?"

त्यांच्या मुलाला फौजेत जायचं होतं. दोनदा भरतीला गेला आणि दोनदा परत आला. आता तो बोईसरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या फाटकावर रात्रपाळी करतो आणि सकाळच्या गाडीनं घरी येऊन ओटीवर झोपतो. त्याला तशीच गोधडी हवी आहे. मावशी जाता जाता हळूच म्हणाल्या, "फौजेत घेतलं नाही, तर फौजेचा रंग अंगावर घ्यावा का त्यानं?"

गोधडी कुठं मिळेल हे मी तिथल्या तिथं सांगू शकले असते. पण या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, तर त्या रंगाची सगळी कुळकथा सांगावी लागते. ती आज सांगते.

आपल्या बायकांचा एक शब्द आहे, मळखाऊ. शाळेत जाणाऱ्या पोराचा सदरा घेताना आपण दुकानदाराला म्हणतो, "मळखाऊ रंगाचा दाखवा." फौजेच्या रंगाची सुरुवात या एका शब्दातच आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेचे कपडे लालभडक नाहीतर पांढरेशुभ्र असत. १८४६ साली पेशावरकडे हॅरी लम्सडेन नावाच्या अधिकाऱ्यानं 'गाइड्स' नावाची पलटण उभी केली. सरहद्दीवरच्या त्या धुळीत पांढरं कापड टिकायचं कसं? म्हणून त्यानं आपल्या शिपायांचे कपडे मातीच्या रंगाचे करून घेतले. 'खाक' म्हणजे धूळ, माती. त्यावरून झालं खाकी. पुढे १८५७ च्या धामधुमीत गोऱ्या पलटणींनीही पांढरे कपडे रंगवले. त्यासाठी चिखल, चहा, शाई, मसाल्याची पूड, जे हाताला लागेल ते वापरलं. एकाचा रंग दुसऱ्याला जुळत नसे, आणि धुतला की उडून जाई. धुतल्यावर न उडणारा खाकी रंग कारखान्यात तयार झाला तो १८८० नंतरच्या काळात, आणि मग तो सगळीकडे पसरला.

म्हणजे बघा, खाकी आधी मळखाऊ होती. शत्रूच्या नजरेपासून लपता येतं, हा तिचा दुसरा गुण. आपल्या पोलिसांच्या, कंडक्टरच्या, पोस्टमनच्या अंगावर ती आली, ती काही लपण्यासाठी नव्हे.

आता डागांकडे येऊ. साधी खाकी असताना हे हिरवे-तपकिरी-काळे डाग कशाला आले?

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा फ्रान्सचे शिपाई लाल विजारी घालून लढायला गेले. त्या ऑगस्ट महिन्यात २२ तारखेच्या एका दिवसात त्यांची सुमारे २७,००० माणसं मेली. मशीनगन आणि तोफा हे त्याचं मुख्य कारण होतं, सगळा दोष विजारीच्या माथी मारता येणार नाही. पण लांबून उठून दिसणारा माणूस आता जगत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्यानं चित्रकारांची एक तुकडीच बनवली. तोफा, गाड्या, मोर्चे रंगवून आणि कापडानं झाकून लपवणं, हे तिचं काम. 'कॅमफ्लाज' हा शब्द जगभर गेला तो तिथून.

त्या चित्रकारांनी ओळखलेली गोष्ट आपल्या जंगलातल्या बिबट्याला कधीची ठाऊक आहे. आपला डोळा आधी कड शोधतो. खांदा कुठं संपतो, पाठ कुठं वळते, ते दिसलं की माणूस ओळखू येतो. ती कडच जर गडद-फिक्या डागांनी तुटली, तर समोर असूनही तो दिसत नाही. तुंगारेश्वरच्या झाडीत कवडशांमध्ये बसलेला बिबट्या तसाच, आणि वाळल्या पानांवर बसलेला रातवा पक्षीही तसाच. पायाखाली येईपर्यंत तो कळत नाही.

पण चित्रकारांनी नमुना काढला तरी मैलोन्‌मैल कापड रंगवायचं, जाळ्यांना पट्ट्या बांधायच्या, हे काम कुणी केलं? बायकांनी. फ्रान्समधल्या कारखान्यांत हजारो बायका या कामावर होत्या. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या गावोगावच्या बायका सभागृहांत मोठमोठी जाळी टांगायच्या आणि त्यांच्या भोकाभोकांतून हिरव्या-तपकिरी कापडाच्या पट्ट्या ओवायच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर चिंध्या. धुळीनं त्यांचे घसे बसायचे, बोटं रंगायची. त्या जाळ्यांखाली कुणाचा तरी मुलगा तोफेजवळ बसलेला असे.

आता आपल्या गोधडीच्या जवळ येऊ. डागांचं छापील कापड मोठ्या प्रमाणावर प्रथम निघालं ते १९२९ साली, इटलीत. तुम्हांला वाटेल, त्याचा गणवेश शिवला असेल. तर नाही! ते होतं राहुटीचं कापड. एकेका शिपायाला एकेक चौकोनी तुकडा मिळे. पाऊस आला की तो अंगावर घ्यायचा, रात्री तुकड्याला तुकडा जोडून राहुटी करायची आणि तिच्याखाली झोपायचं. म्हणजे हा नमुना आधी पांघरुणावर आला, अंगरख्यावर मागाहून. १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करल्यावर जर्मनांनी त्या कापडाचे साठे उचलले आणि त्याचे कपडे शिवून घेतले. त्याच इटलीत तेव्हा आपले मराठे जर्मनांशी लढत होते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथेच पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. १९६० नंतर व्हिएतनामच्या दमट जंगलात त्यांच्या शिपायांना लोकरीची कांबळी नकोशी झाली. भिजली की जड होत, आणि लवकर वाळत नसत. म्हणून हलकी दुलई काढली, पातळ नायलॉनच्या दोन थरांमध्ये कृत्रिम धाग्यांचा कापूस घालून वरून टाके मारलेली. मिलिटरी रंगाची गोधडी म्हणतात ती हीच. आणि तिच्या पहिल्या काही खेपा कशाच्या शिवल्या होत्या, ठाऊक आहे? मागच्या महायुद्धातून उरलेल्या, डागांचा छाप असलेल्या पॅराशूटच्या कापडाच्या. जुनं कापड पडून होतं, त्याला टाके घातले आणि पांघरूण केलं. आपली आजी दुसरं काय करत होती? ती दुलई शिपायांना इतकी आवडली, की पुष्कळांनी नोकरी संपल्यावर ती घरी नेली आणि मुलांच्या अंगावर घातली.

आपल्या देशातलीही एक गोष्ट सांगते. डिसेंबर १९७१. पाकिस्तानशी युद्ध चाललेलं. मुंबईत ब्लॅकआउट असे, खिडक्यांना काळे कागद लावलेले. आग्र्याचा ताजमहालसुद्धा विमानातून दिसू नये म्हणून कापडानं झाकला होता. कच्छमधल्या भूजच्या विमानतळावर बॉम्ब पडून धावपट्टी उखडली गेली. तळाचे प्रमुख होते विजय कर्णिक, आपले मराठी अधिकारी. मजूर मिळेनात. तेव्हा शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका कामाला आल्या. कुणाच्या घरी तान्हं मूल होतं, ते शेजारणीकडं ठेवून आल्या. त्यांना फिक्या हिरव्या साड्या नेसायला सांगितलं होतं. भोंगा वाजला की धावत जाऊन झुडपांत बसायचं. साडी आणि झुडूप एक व्हायला हवं! आणि धावपट्टी वरून ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांनी शेणानं सारवली. ७२ तासांत पट्टी तयार झाली आणि विमान उडालं.

मैत्रिणींनो, कारखान्यात छापलेलं कापड तिथं नव्हतं. नेसूची साडी होती आणि शेण होतं. फौजेच्या रंगावर त्या बायकांचा हक्क नव्हता असं कोण म्हणेल?

आपल्याकडं भातलावणीत पाठीवर इरलं घेऊन वाकलेली बाई बांधावरून पाहा. पानांचा ढीगच वाटतो. तिला कुणापासून लपायचं नसतं, पाऊस चुकवायचा असतो. पांघरूण म्हणजे मुळात हेच. आधी अंग राखायचं, मग बाकीचं.

आता मावशींच्या पोलिसांच्या प्रश्नाकडे येते. आपण फौजी आहोत असं लोकांना वाटावं या हेतूनं शिपायासारखा वेश करणं, हा गुन्हा आहे. आधी तो भारतीय दंड संहितेच्या कलम १४० मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ मध्ये आहे. यातला 'हेतूनं' हा शब्द महत्त्वाचा. ओटीवर गोधडी पांघरून झोपलेला माणूस कुणाला फसवत नाही. तरी एक पथ्य पाळावं. १५ जानेवारी २०२२ च्या सैन्यदिनाला आपल्या लष्करानं नवा लढाऊ गणवेश दाखवला. त्याच्यावर गोल डागांऐवजी बारीक चौकोनी ठिपके आहेत. तो नमुना लष्करानं आपल्या नावावर नोंदवलेला आहे. कुणी त्याची नक्कल विकत असेल तर घेऊ नका. २०१६ मध्ये पठाणकोटचा हल्ला झाला तेव्हा हल्लेखोर फौजी वेशात आले होते, आणि त्यानंतर लष्करानं लोकांना असे कपडे घालू नका आणि विकू नका असं आवाहन केलं होतं. म्हणून मुलाला त्या कापडाचा सदरा-पँट शिवू नका. बाजारात मिळणाऱ्या साध्या डागांच्या छापाची गोधडी मात्र खुशाल करा.

विकतची मिळते, पण ती बहुधा पॉलिस्टरची असते. घाम टिपत नाही, आणि दिवसा झोपणाऱ्याला ती उकडते. म्हणून घरी शिवा. वरच्या बाजूला सुती छापील कापड घ्या आणि शिवण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल आणि उतरायचा तो रंग उतरेल. आत जुनी सुती पातळं, तीन किंवा चार थर, सुरकुती न ठेवता अंथरा. चारी बाजूंनी आणि मधून कच्चे टाके घालून टाचून घ्या, नाहीतर थर सरकतात. मग कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत या, बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी घाला. ओळी जितक्या जवळ, तितकी गोधडी टिकाऊ.

आणि छापील कापड मिळालं नाही तरी अडत नाही. घरातला जुना हिरवा परकर, तपकिरी पँट, काळी ओढणी, विटलेली खाकी काढा. चौकोन कापू नका, वेडेवाकडे तुकडे कापा, आणि गडद तुकडा मुद्दाम कडेवर येऊ द्या. बिबट्याची युक्ती तीच. पोराला हवी तशी मिलिटरी गोधडी तयार होईल.

खालच्या बाजूला काय लावायचं, ते मी मावशींना सांगून ठेवलं आहे. तुमचं स्वतःचं एखादं मऊ झालेलं लुगडं लावा. वरून कुणी पाहिलं तर फौजेचा रंग दिसेल, अंगाला लागेल ते आईचं लुगडं. फाटकावर रात्रभर जागून घरी आलेल्या पोरानं तो रंग अंगावर घ्यावा का, असं त्या विचारत होत्या. हा छाप पहिल्यांदा निघाला तोच मुळी दमलेल्या माणसाला त्याखाली निजता यावं म्हणून. मग त्यानं का घेऊ नये?

मावशींनी लुगडं काढून ठेवलंय, असा निरोप आला आहे. पुढच्या आठवड्यात दुपारी त्यांच्या ओटीवर आम्ही चौघीजणी गोधडी भरायला बसणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी सुई आणि आपल्या घरची एक चिंधी घेऊन यावं.

नमस्कार.