परगणा ते पंचायत समिती

पेशवाईच्या अखेरीस महाराष्ट्रात महसुलाचा हिशेब चाले तो परगण्यावर. परगण्याच्या पोटात तर्फा किंवा कर्याती, त्यांच्या पोटात गावे. गावाचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांकडे, परगण्याचा देशमुख-देशपांड्यांकडे, आणि ही पदे वतनी, म्हणजे पिढीजात. सरकारने नेमलेला मामलेदार येई-जाई. देशमुखाचे घराणे मात्र जागचे हलत नसे. कोणत्या शेताचा सारा किती, ही माहिती साहजिकच वतनदारांच्या दप्तरी राही.

1818 मध्ये पेशव्यांचे राज्य गेल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या एल्फिन्स्टनने जिंकलेला मुलूख खानदेश, अहमदनगर, पुणे, धारवाड असा वाटून कलेक्टरांच्या हाती दिला. शब्द जुनेच राहिले, त्यांचे वजन बदलले. पेशवाईतला मोठा मामलेदार अनेक परगण्यांचा धनी. कंपनीचा मामलेदार पगारी, एका तालुक्यापुरता. देशमुख-देशपांड्यांचे उत्पन्न बरेचसे राहिले, काम गेले. तालुक्याचा लहान तुकडा म्हणजे पेटा किंवा महाल, आणि त्यावर महालकरी. मुळशी असाच एक पेटा होता. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने ही उतरंड पक्की झाली. काही तालुक्यांवर देखरेख करणारा अधिकारी लोकांच्या तोंडी ‘प्रांत’ झाला, तो आजतागायत.

निजामाच्या मुलखात दिवाण पहिल्या सालारजंगाने 1865 च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, केली. तिथली गंमत निराळीच: तालुक्यावर तहसीलदार, आणि ‘तालुकदार’ मात्र जिल्ह्याचा मुख्य!

वतनांचा शेवट स्वातंत्र्यानंतर झाला. 1950 च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने गेली आणि सज्जाचे, म्हणजे काही गावांच्या गटाचे, दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. पुढचा बदल अधिक खोल होता. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेल्या 1961 च्या कायद्याने 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या, आणि एकाच तालुक्याच्या गावी दोन कचेऱ्या उभ्या राहिल्या. सातबारा, फेरफार, शेतसारा तहसीलदाराकडे. शाळा, दवाखाने, पाणीयोजना गटविकास अधिकाऱ्याकडे. गावातही तलाठी वेगळा, ग्रामसेवक वेगळा, जरी गावकऱ्यांच्या लेखी दोघेही ‘भाऊसाहेब’.

जुनी विभागणी कागदावरून अजून पुरती पुसलेली नाही. पुणे जिल्ह्यात ‘पिंपळगाव तर्फे महाळुंगे’ अशी गावांची नावे आहेत. पुण्याभोवतीच्या तालुक्याचे नाव हवेली, पण हवेली नावाचे गाव त्यात नाही. मुख्य ठाण्याभोवतीच्या परगण्याला मुसलमानी अमलात हवेली म्हणत, तेच नाव टिकले.