गाडगेबाबांच्या धर्मशाळा कोणाच्या घराण्याच्या?

इंग्लंडमधल्या खेड्यांत अजूनही जुन्या सराया आहेत. खाली दारू-जेवण, वर मुक्कामाच्या खोल्या. अशा घरांना तिथे १५५२ पासून परवाना लागू लागला. त्यामुळे कोणत्या घराण्याने सराई किती वर्षं चालवली, पुढे कोणाला विकली, हे दप्तरात सापडतं. सराईचा इतिहास म्हणजे बहुतेक वेळा मालकांची वंशावळच.

आपल्याकडे हाच प्रश्न धर्मशाळेबद्दल विचारला तर? वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याहून सर्वांत जवळचं उदाहरण मूर्तिजापूरचं. कारंज्याची माणसं 'शकुंतला'च्या छोट्या गाडीने इथे यायची आणि मुंबई-नागपूरची मोठी गाडी धरायची. या गावात गाडगेबाबांनी १९२५ साली गोरक्षण आणि धर्मशाळा उभी केली. बाबांचं बालपण याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामांकडे गेलं. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. नंतर कीर्तनांतून, लोकांच्या वर्गणीतून पैसा जमला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. हातात खराटा, अंगावर गोधडी असलेल्या माणसाच्या शब्दावर इतक्या इमारती उभ्या राहिल्या! पण त्यांवर त्यांनी स्वतःचा हक्क ठेवला नाही आणि घरच्यांचाही ठेवला नाही. कारभार विश्वस्तांकडे दिला. त्यामुळे इथे मालकांची वंशावळ लिहायला कोणी उरतच नाही. लिहायचीच तर मुक्कामाला आलेल्यांची लिहावी लागेल.

त्यात सर्वांत महत्त्वाची पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा. वारीला दलित वारकरी पूर्वापार यायचे, पण इतरांच्या मठांत आणि धर्मशाळांत त्यांना थारा नसे. विठ्ठल मंदिराचं दारही त्यांच्यासाठी १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलं. म्हणजे देवाचं दर्शन मिळण्याच्या कितीतरी आधी या वारकऱ्यांना हक्काचं छप्पर मिळालं होतं. हा क्रम विसरू नये असं मला वाटतं. १९४९ मध्ये बाबांनी ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, ती मुलांच्या वसतिगृहासाठी.

तोवर बाबांचं लक्ष यात्रेकरूंकडून आजाऱ्यांकडेही वळू लागलं होतं. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. खेड्यातून रुग्णाला घेऊन आलेल्या नातेवाइकांनी फुटपाथवर झोपू नये, हा हेतू. डिसेंबर १९५६ मध्ये बाबा गेले. दादरची धर्मशाळा त्यांच्यानंतरची, १९८४ ची. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी येणाऱ्यांना तिचा मोठा आधार असतो.

आपल्या भागातलं कुणी टाटाला गेलं असेल तर हे वेगळं सांगायला नको. केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये काही आठवडे जातात आणि दर वेळी विदर्भात परतणं रुग्णाला झेपत नाही. मुंबईतलं लॉजचं भाडं घरच्यांना झेपत नाही. मग आजारी माणूस आणि सोबतचं कुणीतरी असा दोघांचा संसार काही काळ धर्मशाळेतच मांडला जातो.