इंद्रायणी आणि आंद्रा : धरणांपूर्वीचे मावळ

मावळात खोऱ्यांची ओळख नद्यांवरून आहे. पवन मावळ पवनेचे, आंदर मावळ आंद्रेचे. घाटमाथ्याचा पाऊस येथून पूर्वेस वाहे : इंद्रायणीवाटे देहू-आळंदीस, पुढे भीमेस व कृष्णेस.

या क्रमास पहिला छेद लोणावळ्यास गेला. टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी १९११ साली झाली. वळवण, लोणावळा व शिरवता येथे अडविलेले पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात उतरवून १९१५ पासून मुंबईस वीज देण्यात आली. १९२२ मध्ये ठोकरवाडीच्या धरणाने आंद्रेचे पाणीही भिवपुरीकडे वळविले. म्हणजे नदी नुसती अडली नाही. तिच्या पाण्याचा मोठा वाटा कोकणात गेला.

धरणापूर्वीची ही नदी बारमाही भरलेली होती, असे मानणे हा स्मरणाचा नेहमीचा दोष होय. ती चार महिने लोंढ्याची आणि एरवी डोहांची नदी होती. भात पिके ते पावसावर. नदीचे देणे म्हणजे काठची गाळाची खाचरे आणि गुरांचे उन्हाळी पाणवठे. जलाशयात प्रथम बुडाली ती हीच तळची जमीन.

शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, म्हणून तेथील बुडीत शिवारांची कहाणी लिहिली गेली. वळवणच्या वाट्यास तेवढा गाजावाजा आला नाही. तेथील नदीचा माग काढावयाचा तर जुने मोजणी-नकाशे आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलेली शेतांची नावे यांकडेच वळावे लागते. आणि यांतील दुसरे साधन झपाट्याने संपत आहे.